माणसामागे किती शीट? लार्ज फॉरमॅटची कार्यशाळा निवडताना

आमच्या वर्धा जिल्ह्यात साठी-सत्तरीच्या माणसापुढे लार्ज फॉरमॅट कॅमेरा उभा केला की ओळख करून द्यावी लागत नाही. "हा तं काळ्या फडक्याचा कॅमेरा होय," म्हणतात आणि लगेच खांदे सरळ करून बसतात. तालुक्याच्या स्टुडिओत त्यांनी तो पाहिलेला असतो. केरळात आलेप्पीला बनणारे वागेश्वरी कॅमेरे तेव्हा देशभरच्या स्टुडिओंमध्ये असत: लाकडी पेटी, पितळी पट्ट्या, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. त्यातला एखादा अजून कुणाच्या माळ्यावर पडलेला सापडतो. आजची तरुण मुलं तो झाडून-पुसून खाली काढतात आणि मला विचारतात, "दादा, हे शिकाले कुठी जावं लागते?"

हा लेख त्यांच्यासाठी. कुठे जावं हे सांगत नाही, कारण कार्यशाळा दर वर्षी बदलतात. जायचं की नाही हे कसं ठरवायचं, तेवढं सांगतो.

मी स्वतः चुकीच्या ठिकाणी जाऊन आलेलो आहे. एका मोठ्या शहरात दोन दिवसांची कार्यशाळा होती. माणसं चौदा, कॅमेरा एक. नवख्या माणसाला कॅमेरा लावून, फोकस करून एक फोटो घ्यायला वीस मिनिटं सहज लागतात. चौदा गुणिले वीस, म्हणजे पावणेपाच तास एका फेरीला. माझ्या वाट्याला एक शीट, म्हणजे फिल्मचा एक सुटा तुकडा, आली आणि घाईत मी होल्डरची (फिल्म भरायच्या चपट्या खोक्याची) डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी, काढायलाच विसरलो. शीट कोरी निघाली. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून मिळालं, ते अजून माझ्या फोटो स्टुडिओत आहे.

तेव्हापासून कुणी कार्यशाळेचं पत्रक दाखवलं की मी एकच गोष्ट आधी पाहतो: माणसामागे किती शीट. आणि त्याला जोडून दुसरी: तिथून परतल्यावर पुढच्या आठवड्यात, गावात, मदतीला कुणी नसताना हे जमेल का.

पहिली पायरी: आधी स्वतःचं घर पाहा

लार्ज फॉरमॅट म्हणजे ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठी फिल्म. ३५ मिमीच्या फ्रेमपेक्षा तिचं क्षेत्रफळ पंधरापट. ८ बाय १० घेतली तर साठपट. ती रिळात येत नाही, सुट्या शीटमध्ये येते. एका होल्डरमध्ये दोन शीट बसतात, एक या बाजूने, एक त्या बाजूने. त्या भरायच्या अंधारात, धुवायच्या अंधारात. म्हणून पत्रक वाचण्याआधी घरात एक चक्कर मारा. पूर्ण काळोख होईल अशी खोली आहे का? बाथरूम चालतं, धान्याची कोठी चालते, कवेलूंच्या घरात मात्र वर पाहा. कवेलूंच्या फटीतून जमिनीवर जो गोल कवडसा पडतो ना, तो गोल असतो कारण ते सूर्याचं चित्र असतं. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोलच. म्हणजे तुमचं घर आधीच एक कॅमेरा आहे. कौतुकाची गोष्ट आहे, पण फिल्म भरायच्या कामाची नाही.

मग पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने निगेटिव्ह धुतली तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचं धुणं तरी डिस्टिल्ड पाण्याने हवं. गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, ते चालतं. शिकवणाऱ्याला हा प्रश्न विचारून बघा. ज्याने फक्त शहरातल्या नळावर काम केलंय तो गोंधळतो. गोंधळला म्हणून तो वाईट शिक्षक ठरत नाही, पण पुढे तुमची अडचण तुम्हालाच सोडवायची आहे, एवढं कळतं.

दुसरी पायरी: कार्यशाळा कशाची आहे ते ओळखा

"लार्ज फॉरमॅट" या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

एक, कॅमेऱ्याची तोंडओळख. एक दिवस, हात लावून पाहणं, दोन-चार फोटो. हे शंभर किलोमीटरच्या आत असेल तर जा, त्यासाठी रेल्वेचं आरक्षण काढू नका. नुसते जुने कॅमेरेच पाहायचे असतील तर गुरुग्रामचं म्युझिओ कॅमेरा हे संग्रहालय आहे, दिल्लीकडे काही कामाने गेलात तर बघून या.

दोन, बाहेर निसर्गात किंवा जुन्या वास्तूंजवळ नेऊन केलेली कार्यशाळा. तीन-चार दिवसांची. यात कॅमेऱ्याच्या हालचाली, म्हणजे मूव्हमेंट्स, नीट शिकवल्या जातात की नाही हे पाहायचं. खरं तर हा कॅमेरा शिकायचा तो त्यासाठीच. मार्कंड्याच्या देवळाजवळ उभं राहून शिखर फ्रेममध्ये घ्यायला साधा कॅमेरा वर उचलावा लागतो आणि देऊळ मागे कलल्यासारखं दिसतं. इथे कॅमेरा सरळ ठेवून फक्त पुढची लेन्स वर सरकवतात, याला राइज म्हणतात. देऊळ ताठ उभं राहतं. दुसरं उदाहरण आपल्याच वावरातलं. पायाजवळचं फुटलेलं बोंड आणि धुऱ्यावरचा कडुनिंब, दोन्ही स्पष्ट हवेत, मधल्या पराटीच्या ओळींसकट. लेन्स थोडी पुढे कलवली, म्हणजे टिल्ट दिला, की स्पष्टतेचं प्रतल जमिनीलगत पसरतं आणि काम होतं. हा नियम थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेही हवेतून काढलेल्या तिरप्या फोटोंमधला तिरपेपणा काढण्यासाठी. पत्रकात राइज, टिल्ट, स्विंग (लेन्स डावी-उजवीकडे वळवणं) हे शब्द नसतील आणि नुसती "निसर्गरम्य ठिकाणांची" यादी असेल, तर ती सहल आहे.

तीन, डार्करूमची. फिल्म धुणं, प्रिंट काढणं. गावाकडच्या माणसाला सर्वांत उपयोगाची हीच, आणि जाहिरातीत सर्वांत कमी दिसणारीही हीच, कारण अंधारातले फोटो पत्रकावर टाकता येत नाहीत.

चार, जुन्या प्रक्रियांची: सायनोटाइप, सॉल्ट प्रिंट, वेट प्लेट. सायनोटाइप तर आपल्यासाठीच जन्मल्यासारखी. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली, कागदावर दोन लोहक्षारांचं द्रावण फासायचं, वाळवायचं, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. ऊन आपल्याकडे फुकट. वेट प्लेटबद्दल मात्र सावध. १८५१ पासूनची ही पद्धत दिसते फार देखणी, पण काच ओली आहे तोवरच फोटो घेऊन धुवावी लागते. एप्रिलमध्ये यवतमाळ-चंद्रपूरकडे ती किती वेळ ओली राहील, तुम्हीच सांगा. शिवाय त्यात इथर आहे, सिल्व्हर नायट्रेट आहे, आणि काही जण फिक्स करायला, म्हणजे चित्र पक्कं करायला, चक्क पोटॅशियम सायनाइड वापरतात. आयोजकाला विचारा काय वापरता, हातमोजे-चष्मे देता का, खोलीला खिडक्या किती. उत्तर उडवाउडवीचं आलं तर फोन ठेवा.

तिसरी पायरी: फोन करा

मेसेजवर विचारू नका, फोनच करा. माणूस बोलतो कसा यावरून बरंच कळतं. मी विचारतो ते प्रश्न असे.

"सर, माणसं किती अन् कॅमेरे किती?" दोन माणसांमागे एक कॅमेरा असेल तर उत्तम. चार माणसांमागे एक असेल तर चालवून घ्या. त्यापुढे नाही.

"प्रत्येकाला किती शीट?" हा खरा प्रश्न. तीन दिवसांत आठ-दहा शीट स्वतःच्या हाताने भरून, फोटो घेऊन, धुतल्या तरच हाताला सवय लागते. "फिल्म महाग आहे हो" असं उत्तर येईल. खरंच आहे ती महाग. इल्फर्ड कंपनीची ४ बाय ५ फिल्मची पेटी २५ शीटची येते आणि ती बघता बघता संपते. पण यावर उपाय आहेत आणि जाणत्या शिक्षकाला ते ठाऊक असतात. फोटो पेपरच कापून होल्डरमध्ये भरायचा, त्याचा वेग आयएसओ ३ ते ६ च्या आसपास धरायचा आणि लाल दिव्यात डोळ्यांदेखत धुवायचा. किंवा एक्स-रे फिल्म. ८ बाय १० हे एक्स-रेचं ठरलेलं माप आहे, तिचे चार तुकडे केले की ४ बाय ५ मिळते, फक्त होल्डरमध्ये बसायला कडा किंचित छाटाव्या लागतात. तीही लाल दिव्यात हाताळता येते. तिच्या दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा थर, असतं म्हणून ओरखडे पटकन पडतात, आणि लाल रंग तिला दिसतच नाही, त्यामुळे कुंकू काळं येतं अन् चेहरे सावळे. शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही. मात्र आजकाल इस्पितळातल्या प्रिंटरमध्ये घालतात ती कोरडी फिल्म घेऊन येऊ नका. ती उष्णतेवर चालते, प्रकाशावर नाही. माझ्या ओळखीतल्या एका पोराने अख्खा डबा आणला होता.

(एक्स-रे फिल्म एकेकाळी देशातच बनायची. उटीला १९६० मध्ये सुरू झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी "इंदू" नावाने फिल्म आणि पेपर काढायची. ती बंद पडली. आता जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकलच्या दुकानात विचारायचं आणि "हिरव्याला संवेदनशील, डार्करूमवाली" असं स्पष्ट सांगायचं.)

"फिल्म तिथेच धुणार की लॅबला पाठवणार?" लॅबला पाठवणार असतील तर चुकलं काय ते तुम्हाला पंधरा दिवसांनी कळेल, तेव्हा तुम्ही गावात, शिक्षक शहरात.

"धुवायला काय वापरता?" ट्रे म्हणाले तर चांगलं. ट्रे आपल्याकडे कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो. फिल्म धुवायच्या पॅटरसनच्या टाकीत बसणारा मॉड ५४ हा शीट धरायचा सांगाडा सहा शीट घेतो, तोही सोयीचा. फिरणारं यंत्र असेल तर निगेटिव्ह सुंदर निघतील, पण ते यंत्र तुम्ही गावात आणणार आहात का?

"वापरलेल्या फिक्सरचं काय करता?" चित्र पक्कं करणाऱ्या या रसायनात चांदी उतरलेली असते. आपल्याकडे सांडपाणी परसात मुरतं आणि परसातच विहीर. याचा विचार केलेला शिक्षक भेटला तर बाकी दोन गुण कमी असले तरी जा.

शेवटी, आधी येऊन गेलेल्या एखाद्याशी बोलायला मागा. त्याला "मजा आली का" विचारू नका, मजा सगळ्यांनाच येते. "त्यानंतर किती शीट काढल्या?" एवढंच विचारा.

चौथी पायरी: महिना

इथे मी जरा हट्टी आहे. फिल्म धुण्याचं प्रमाण तापमान २० अंश. इल्फर्डच्या एचपी५ या फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या (चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या) मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पाणी तापलेलं असलं की वेळ घटत जातो, पाच मिनिटांखाली गेला की डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आणि फारच गरम झालं तर इमल्शन मऊ पडून बोटाला चिकटतं. मे महिन्यात आपल्या छतावरच्या टाकीतल्या पाण्याने हात पोळतो. बर्फाच्या भांड्यात बाटल्या ठेवून काम होतं, मी केलंय, पण नवख्याने एकाच वेळी बर्फ, घड्याळ आणि अंधार सांभाळू नये.

म्हणून पौष. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे आमच्यासारख्या स्टुडिओवाल्यांना सवड असते. हवा गार, ऊन तिरपं, धूळ बसलेली. पाणी उलट थोडं कोमट करावं लागतं, ते सोपं. शेतकरी घरातल्यांना वेचणीचं पाहावं लागेल, त्यांनी घरी बोलून घ्यावं. पावसाळ्यातली कार्यशाळा लोणारच्या काठावर असली तरी मी टाळतो: निगेटिव्ह वाळत नाहीत आणि लेन्सला बुरशी धरते. आणि हो, जुन्या संरक्षित देवळात-किल्ल्यात जाणार असतील तर स्टँड लावायची पुरातत्त्व खात्याची परवानगी काढली आहे का, हे आयोजकाला विचारून ठेवा. हा कॅमेरा स्टँडशिवाय चालतच नाही. गेटवर अडवलं तर सगळा दिवस चहाच्या टपरीवर जातो.

पाचवी पायरी: पैसे

फीमध्ये फिल्म, रसायनं, राहणं, जेवण यातलं काय धरलंय ते लिहून मागा. रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, तेही. मग एकूण खर्च, प्रवासासकट, मिळणाऱ्या शीटच्या संख्येने भागा. स्वस्त वाटणारी कार्यशाळा कित्येकदा शीटमागे सर्वांत महाग निघते. कॅमेरा मात्र आधी विकत घेऊ नका. चार ठिकाणचे हाताळून मग घ्या.

सहावी पायरी: जाण्याआधी पंधरा दिवस

इथे जितकी मेहनत कराल तितकी तिथली शीट वाचेल.

उलटं पाहायची सवय करा. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर चित्र डोकं खाली आणि डावं-उजवं बदललेलं दिसतं. घरच्या कॅलेंडरवरचं चित्र उलटं टांगा आणि त्यातली मांडणी पाहत बसा. घरचे हसतील.

होल्डर भरायचा सराव खराब शीटवर करा, आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग रजईखाली. शीटच्या एका कोपऱ्याजवळ कडेला खाचा असतात. शीट उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे आहे. डार्क स्लाइडच्या मुठीची एक बाजू पांढरी, एक काळी. रिवाज असा की पांढरी बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो घेऊन झाला. हे बोटांना पाठ व्हायला हवं.

दोन हिशेब वहीत लिहून न्या. जवळून फोटो घेताना भाता लांबतो आणि उजेड घटतो: भात्याची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग. १५० मिमीची लेन्स, भाता ३०० मिमी, म्हणजे चौपट वेळ. बोंडाचा खऱ्या आकाराएवढा फोटो घ्याल तेव्हा हे लागेल. दुसरा, मंद उजेडात फिल्म आळसावते. एफपी४ या फिल्मवर उजेड मोजायच्या मीटरने १० सेकंद दाखवले तर इल्फर्डच्या सूत्राप्रमाणे साधारण १८ द्यावे लागतात. देवळाच्या गाभाऱ्यात एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं भोक लहान केलेलं असताना, हा प्रश्न हमखास येतो.

सातवी पायरी: प्रवास

फिल्म हातातल्या पिशवीत ठेवा, एसटीच्या डिकीत नाही. बस उन्हात उभी राहिली की डिकी भट्टी होते. स्टेशनवरच्या सामान तपासणी यंत्रातून एकदा-दोनदा गेली तर सामान्य वेगाच्या फिल्मला काही होत नाही. विमानाने जात असाल तर चेक-इन सामानात कधीच नको, आणि नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रातूनही नको. हाताने तपासा म्हणून विनंती करा आणि पेटीवर "उघडू नये" असं इंग्रजी-हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिथे असताना

प्रत्येक शीटची नोंद करा: होल्डरचा नंबर, एफ-नंबर, वेळ, भाता किती, काय चुकलं. दुसऱ्यांच्या चुकाही लिहा, त्या फुकटच्या असतात. शिक्षकाची मोबाइलवर रेकॉर्ड केलेली भाषणं पुन्हा कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा ट्रेमध्ये शीट खालीवर करताना त्यांची बोटं कशी चालतात ते पाहा, पेपर किंवा एक्स-रे फिल्म असेल तर लाल दिव्यात दिसतं ते. तुमची शीट फसली तर ती फेकू देऊ नका, मागून घ्या.

आल्यावर

आठवड्याच्या आत सहा शीट काढा. कार्यशाळेत जे होतं तेच सगळं: तीच फिल्म, तोच डेव्हलपर, तेच तापमान. सुधारणा नंतर.

आमच्याकडची एक गंमत सांगून ठेवतो. ट्रेमध्ये शीट असताना लाइन गेली तर काहीच बिघडत नाही, अंधार तर हवाच असतो. पण लाइन गेलेली असताना तुम्ही खोलीत शिरलात, बटण चालू राहिलंय हे लक्षात आलं नाही, आणि चौथ्या मिनिटाला लाइन आली, तर सहाच्या सहा शीट गेल्या. माझ्या गेल्यात. बल्बच काढून खिशात ठेवा.

वाळवताना शीट कोपऱ्यात चिमटा लावून बाथरूममध्ये टांगा, दार लावा, पंखा बंद. अंगणातल्या दोरीवर नको. वेचणीच्या दिवसांत हवेत सरकीचा तंतू उडतो, तो ओल्या निगेटिव्हवर बसला की निघत नाही.